पुस्तक, अनुभव आणि समास

चौथीच्या पुस्तकात दिवाळीवर एक धडा होता. अभ्यंगस्नान, उटणे, रांगोळी, फराळाचे ताट, असे सारे त्यात होते. धडा वाचून झाल्यावर गुरुजींनी मला उभे केले आणि विचारले, 'दिवाळीत घरी काय काय असते, सांग.' मी सांगितले, 'मुकादम येतो. माय-बा उचल घेतात. मग गूळ आणतात.' वर्ग हसला. गुरुजीही हसले आणि म्हणाले, 'ते नको. धड्यातले सांग.' मी धड्यातले सांगितले. ते पाठ होते. करंजी मी तोवर खाल्लेली नव्हती. पण करंजी हा शब्द अनुस्वारासकट मला लिहिता येत होता. परीक्षेत मला त्या धड्यावर पूर्ण गुण मिळाले.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. पुस्तकात शिरताना आपले घर बाहेर ठेवून जायचे, देवळाबाहेर चपला ठेवाव्यात तसे. बी. ए. होईपर्यंत मी असाच वाचत राहिलो. गुण मिळत गेले, समजत काहीच नव्हते, आणि समजत नाही हेही समजत नव्हते.

हे मी एकट्याचे दुखणे म्हणून सांगत नाही. तीस वर्षे मी महाविद्यालयात शिकवले आणि त्याहून अधिक काळ वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारचा अभ्यासवर्ग चालवला. दोन्ही ठिकाणी मला घराण्यातले पहिले वाचणारे भेटले. त्यांना अक्षर येते, वाक्य येते, भाषणात बाबासाहेबांचे दाखले देता येतात. पण एखादे पान समोर ठेवून 'यात काय म्हटले आहे?' असे विचारले की मान खाली जाते. मग पोरगा स्वतःलाच दोष देतो. 'सर, आपले डोकेच कमी.' हे वाक्य किती जणांच्या तोंडून ऐकले, ते मोजणे मी केव्हाच सोडून दिले आहे. डोके कमी नसते. त्याला वाचण्याची जी रीत शिकवली गेली, ती रीतच मुळी न समजता निभावून नेण्याची आहे.

शाळेतला 'उताऱ्यावरील प्रश्न' हा प्रकार आठवा. समजा, उताऱ्यात वाक्य आहे, 'लोंगराने टिमकूला खवदले.' खाली प्रश्न, 'टिमकूला कोणी खवदले?' उत्तर, 'टिमकूला लोंगराने खवदले.' दोन गुण. लोंगर कोण, टिमकू कोण आणि खवदणे म्हणजे काय, हे मलाही माहीत नाही; कारण हे शब्द मीच आता तयार केले आहेत. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य उतरवून काढायचे, या एका युक्तीवर आमच्या पिढ्याच्या पिढ्या दहावी पार करतात. परीक्षेपुरती ती पुरते. पुढे सरकारी नोटीस, भाडेपट्टा, कायद्याचे कलम किंवा एखादा वैचारिक ग्रंथ हाती आला की युक्ती संपते, कारण तिथे खाली प्रश्न छापलेले नसतात.

कार्यकर्त्यांचे वाचन याहून फार वेगळे नाही, हे कडू असले तरी बोलले पाहिजे. चैत्यभूमीला आणि दीक्षाभूमीला आपली माणसे भाकरीच्या पैशातून पुस्तके विकत घेतात. अशी जत्रा दुसरी कुठे दाखवा. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला, तेव्हापासून ते जाड खंड खेड्यापाड्यांतल्या घरांत गेले. पण किती घरांत ते तसबिरीशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले आहेत! बोट लागू नये, कोपरा दुमडू नये, पेन्सिलीची रेघ उमटू नये, ही काळजी प्रेमाचीच आहे. परंतु पोथीपूजा मोडा असे सांगणाऱ्याच्या ग्रंथाची आपण पोथी करून बसलो.

पोथीवर आपण लिहायचे नसते, हा धाक आला कुठून? या देशात ग्रंथावर लिहिणे कधीच निषिद्ध नव्हते. सूत्रावर भाष्य, भाष्यावर टीका, टीकेवर टिप्पणी, हा उद्योग शेकडो वर्षे चालला. ज्ञानेश्वरी तरी काय आहे? गीतेवरची टीकाच. मनाई होती ती ठराविक माणसांना. ज्याच्या कानावर शब्द पडू द्यायचा नाही, त्याने शब्दावर भाष्य करण्याचा प्रश्नच येत नव्हता. म्हणून आपल्या पोराने पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने 'हे मला पटत नाही' असे चार शब्द लिहिले, तर त्याकडे अभ्यासाची एक सोय एवढ्याच नजरेने मला पाहता येत नाही. भाष्याचा राखीव अधिकार तो त्या क्षणी वापरत असतो.

हा अधिकार सर्वांत आधी धडधडीतपणे वापरला जोतीराव फुल्यांनी. १८५५ सालचे त्यांचे 'तृतीय रत्न' हे नाटक पाहा. भटजोशी अडाणी कुणब्याला आणि त्याच्या बायकोला ग्रहदशेच्या नावाने लुबाडतो. आणि विदूषक मधेमधे येऊन आतली गोम प्रेक्षकाला सांगत राहतो. हा विदूषक म्हणजे चालता-बोलता समासच आहे. १८७३ च्या 'गुलामगिरी'त धोंडीबा विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. दशावताराच्या कथा सर्वांनी ऐकलेल्या होत्या; पण वामनाने बळीला पाताळात घातले, ही पोथीतली गोष्ट आणि बळीचे राज्य परत यावे, हे दसरा-दिवाळीला आपल्याच घरातल्या बायांच्या तोंडचे बोलणे, या दोन गोष्टी शेजारी ठेवून 'हे जुळत नाही' असे म्हणणारे जोतीराव. त्यांचा सगळा इतिहास आजच्या संशोधकाला मान्य होईल असे नाही, तो वाद निराळा. वाचण्याची रीत मात्र बघावी. ग्रंथ एका बाजूला, आजीचे बोलणे दुसऱ्या बाजूला, आणि मधे प्रश्न. माझ्या चौथीच्या वर्गात दिवाळीच्या धड्याशेजारी मुकादमाची उचल अशी ठेवू दिली असती, तर मला करंजीही समजली असती आणि उचलही.

फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे तेव्हा चौदा वर्षांची होती. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. वेद हे केवळ ब्राह्मणांचे, असे ब्राह्मण म्हणतात, हे विधान ती आधी जसेच्या तसे उचलते. मग त्यात स्वतःला उभे करते : ग्रंथ जर आमचा नाही, तर त्या ग्रंथाचा धर्मही आमचा नाही, मग आमचा धर्म कोणता, हे देवा तूच सांग. समोरच्याचे म्हणणे आणि आपले जगणे, दोन्ही तिने नीट वेगळे धरले, म्हणून तिच्या प्रश्नाला उत्तर देणे जड जाते. नुसते रडगाणे असते, तर लोक हळहळून विसरले असते.

बाबासाहेबांचे वाचन किती होते, हे आपण नेहमी सांगतो. ते वाचत कसे, हे कमी सांगतो. १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबिया विद्यापीठात होते आणि तिथे जॉन ड्यूई त्यांचे शिक्षक होते. ड्यूईंचा 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन' हा ग्रंथ १९१६ साली निघाला. बाबासाहेबांची त्या ग्रंथाची स्वतःची प्रत मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या संग्रहात आहे आणि तिच्यावर त्यांच्या खुणा व रेघा आहेत. स्कॉट स्ट्राउड या अमेरिकन अभ्यासकाने अशा प्रती तपासून २०२३ साली एक ग्रंथच लिहिला. रेघ ओढलेल्या जागा पुढे बाबासाहेबांच्या लेखनात कशा उगवतात, हे त्यात पाहायला मिळते. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये ते ड्यूईंचा आपले शिक्षक म्हणून उल्लेख करतात, आणि इतर काही ठिकाणी ड्यूईंची मांडणी नाव न घेताही त्यांच्या वाक्यांत विरघळलेली सापडते. कुणी याला उसनवारी म्हणेल. मी म्हणणार नाही. ड्यूईंच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतला कारखाना आणि शाळा होती. बाबासाहेबांच्या समोर गावकुसाची भिंत होती. त्या भिंतीपाशी आणून त्यांनी ते वाक्य पारखले, कामाचे निघाले ते ठेवले आणि त्याला असे काम दिले की जे ड्यूईंच्या मनातही नव्हते.

आता माझी चूक सांगतो, कारण तिच्यातूनच पुढचे सारे शिकलो. गुरुजींनी माझे घर वर्गाबाहेर ठेवले होते, म्हणून अभ्यासवर्ग सुरू केल्यावर मी घराला दार सताड उघडून दिले. उतारा वाचायचा आणि म्हणायचे, 'आता तुमचा अनुभव सांगा.' पोरे बोलू लागली. कुणाला चहा वेगळ्या कपात मिळाला होता, कुणाला गावात भाड्याने खोली मिळाली नव्हती. डोळे भरून येत. वर्ग गाजू लागला. तीनेक वर्षांनी माझ्या ध्यानात आले की कुठलेही पान वाचले तरी वर्गात गोष्टी त्याच निघतात. पान बुद्धाच्या मध्यम मार्गावर असो, की शेतीच्या लहान तुकड्यांवर. पहिल्या ओळीतला एखादा ओळखीचा शब्द दिसला की पोरगा तिथून आपल्या गावाला निघून जाई, पानाकडे परत येतच नसे. अनुभव बोलत होता, पुस्तक गप्प बसले होते. आणि मीच तसे होऊ दिले होते.

अनुभव वाचनाला दोन्ही गोष्टी करतो : दार उघडतो आणि डोळ्यांवर पट्टीही बांधतो. याचा एक चांगला दाखला १९७९ च्या एका अभ्यासात आहे. मार्गारेट स्टेफेन्सन, चित्रा जोगदेव आणि रिचर्ड अँडरसन यांनी अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांना आणि अमेरिकनांना दोन पत्रे वाचायला दिली. एकात अमेरिकन लग्नाचे वर्णन, दुसऱ्यात भारतीय लग्नाचे. आपल्या लग्नाचे पत्र ज्याने-त्याने लवकर वाचले आणि अधिक लक्षात ठेवले. यात नवल नाही. गंमत पुढे आहे. अमेरिकन नवरीने आजीचा लग्नातला पोशाख घातला होता. त्यांच्याकडे ती मानाची गोष्ट. एका भारतीय वाचकाने आठवून सांगितले की नवरी बरी दिसत होती, पण तिचा पोशाख जुना आणि फॅशन गेलेला होता! उलट, भारतीय पत्रातल्या हुंड्याच्या उल्लेखामागे वधूपित्याच्या जिवाला लागलेला घोर अमेरिकन वाचकांना पकडता आला नाही. त्यांनी तो भेटवस्तूंच्या देवघेवीत बसवून टाकला. कुणी अडाणी नव्हते. शब्दही सर्वांना येत होते. प्रत्येकाने मोकळ्या जागा आपल्या घरच्या सामानाने भरल्या, एवढेच.

दुसरा अभ्यास १९८८ चा, डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा. चौसष्ट शाळकरी मुलांना बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची ठरलेली, पण खेळ जाणणारी मुले वाचनात हुशार, पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या कितीतरी पुढे गेली. 'आपले डोकेच कमी' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. तुला ठोकळा म्हणणाऱ्याने तुझ्यापुढे नेहमी त्याच्या अंगणातला खेळ ठेवला होता.

म्हणजे अनुभवाशिवाय वाचता येत नाही, आणि अनुभवाला मोकळे सोडून दिले तर पुस्तक ऐकू येत नाही. यावर आम्हाला सापडलेला उपाय अगदी साधा आहे. शंभर पानी वही घ्यायची, पानाला उभी घडी घालायची. डावीकडे वर 'पुस्तक' लिहायचे, उजवीकडे 'मी'. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक उपडे ठेवायचे आणि लेखकाने काय म्हटले ते डावीकडे आपल्या शब्दांत एका ओळीत लिहायचे. पुस्तक उपडे ठेवणे महत्त्वाचे आहे. उघडे राहिले की पोरगा जुन्या सवयीने वाक्य उतरवून काढतो. डावीकडची ओळ झाल्याशिवाय उजवीकडे एक अक्षर लिहायचे नाही. ती झाली, की मग उजवीकडे काय आठवले, काय पटले, कुठे राग आला, ते मोकळेपणाने लिहा. गुरुजींचे 'धड्यातले सांग' हे वाक्य मी असे परत घेतले. त्यांनी ते माझे तोंड बंद करायला वापरले होते. पण त्यात अर्धे खरे होते, हे कबूल करायला मला बरीच वर्षे लागली.

नुसत्या रेघा ओढण्यावर माझा भरवसा नाही. पोरे पानभर रेघा ओढतात, हल्ली पिवळ्या-हिरव्या शाईने पान रंगवतात आणि अभ्यास झाल्याचे समाधान मिळवतात. जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या पद्धतींचा आढावा घेतला, त्यात अशा अधोरेखनाला त्यांनी अगदी खालची जागा दिली. पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेण्याला सर्वांत वरची. रेघेच्या शेजारी शब्द हवा. आपल्याला ही रेघ का ओढावीशी वाटली, ते सांगणारा.

एक खूण मात्र आम्ही सक्तीची केली आहे : 'वि'. म्हणजे विरोधकाचे म्हणणे. वैचारिक लेखक आपल्या प्रतिपक्षाचे मत आधी मांडतो आणि मग खोडतो. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये जातीचे समर्थक जातीला श्रमविभागणीचे दुसरे नाव मानतात, हे बाबासाहेब प्रथम सांगतात, आणि मग ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे, तीही उतरंडीची, असे दाखवून तो युक्तिवाद मोडून काढतात. एका हुशार पदवीधराने भाषणाच्या टिपणात लिहिले होते, 'बाबासाहेबांच्या मते जात म्हणजे श्रमविभागणी.' त्याने बाबासाहेबांच्या तोंडी त्यांच्या शत्रूचे वाक्य घातले होते, आणि तेही निष्ठेने, मोठ्या अक्षरात. समासात एक 'वि' असता, तर हे झाले नसते.

अनुभव आणि ग्रंथ यांची गाठ कशी पडते आणि कुठे सोडवावी लागते, याचे एक उदाहरण वर्गातलेच देतो. याच ग्रंथात 'सोशल एन्डॉस्मॉसिस' असा एक शब्द येतो. तो ड्यूईंच्या त्या पुस्तकातही आहे. मूळ शब्द विज्ञानातला : पातळ पडद्यातून पाणी आत झिरपणे. मनुका पाण्यात टाकली की फुगते, ती यामुळे. समाजातल्या गटांमध्ये असे आपोआप येणे-जाणे, मिसळणे असले पाहिजे, असा त्याचा रोख आहे. शब्दापाशी वर्ग अडला. मी मनुकेचे सांगितले. तेव्हा एका मुलाने उजवीकडे लिहिले, 'पडदा म्हणजे तळ्याचा काठ. पाणी झिरपते, माणूस झिरपत नाही. चवदार तळे.' वर्ग थक्क झाला; मीही. शब्द त्याला माझ्यापेक्षा चांगला समजला होता. पण लगेच दुसऱ्याने पुढे जाऊन म्हटले, 'म्हणजे महाडवरूनच बाबासाहेबांना हा शब्द सुचला.' इथे थांबायला हवे होते. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. बाबासाहेबांनी हा शब्द १९१९ सालीच साउथबरो समितीपुढच्या आपल्या निवेदनात वापरलेला आहे. तळे हे त्या मुलाचे भाष्य होते. ते उजवीकडेच शोभते आणि तिथे ते अस्सल आहे. डावीकडे ढकलले की तेच खोटे होते. आपण आपल्या महापुरुषांबद्दल बोलताना हा डावा-उजवा फरक किती वेळा पुसून टाकतो, ते वाचकांनी आपापल्या भाषणांत तपासावे. मी माझ्या जुन्या भाषणांत तपासले, आणि काही टिपणे फाडून टाकली.

व्यवहारातल्या अडचणी थोड्याच आहेत. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये. आपल्यामागून येणाऱ्याचे ते पुस्तक आहे. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून आम्ही चिठ्ठ्या करतो आणि पानात ठेवतो. आता पोरे खंडांची पीडीएफ मोबाईलवर वाचतात, तिथे अंगठ्याने पान सरकत राहते आणि थांबावेसे वाटत नाही. म्हणून वर्गापुरती चार-पाच पाने झेरॉक्स काढतो, मुद्दाम छोटी करून, चहूबाजूंनी कोरी जागा राहील अशी. एका बैठकीला दोन पाने पुष्कळ झाली.

या झेरॉक्स पानांवर एका मुलीने जे लिहिले, त्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला बसलो. श्रमविभागणीचेच ते पान. तिचे वडील नगरपालिकेत सफाई कामगार. निवृत्तीला सहा महिने राहिले होते. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, हे वाचकांना माहीत आहेच. तिने डावीकडे लिहिले, 'काम माणसाच्या कुवतीवरून नाही, आईबापावरून ठरते. हे वाईट.' आणि उजवीकडे, 'बा निवृत्त होतोय. दादाला वारसाने लागणार. दादा बी.कॉम. घरात सगळे खूश. आईने पेढ्यांचे ठरवले.' त्याच्या खाली नुसते प्रश्नचिन्ह.

वर्गात तिने ते वाचून दाखवले आणि भांडण पेटले. एक म्हणाला, बाबासाहेबांनी झाडू टाका म्हटले होते, ही नोकरी घेणे म्हणजे त्यांच्याशी द्रोह. दुसरा उसळला. त्याचा बापही त्याच कामावर, पण ठेकेदाराकडे. तो म्हणाला, 'कायम नोकरी, पगार, पेन्शन सोडून दे म्हणायला तुझ्या बापाचे काय जाते?' दोघेही खरे बोलत होते आणि दोघांपैकी एकाच्याही हातात पान नव्हते. मी मुलीला म्हणालो, 'पोरी, धड्यातले सांग.' तिने पुन्हा वाचले. बराच वेळ वाचले. मग डावीकडे आणखी एक ओळ घातली, 'उद्योग बदलत राहतात, माणसाला काम बदलता आले पाहिजे. जात बदलू देत नाही, म्हणून बेकारी.' उजवीकडे लिहिले, 'दादाने बँकेची परीक्षा तीनदा दिली. तो बदलायला गेला होता.' आणि मग दोन्ही रकान्यांच्या मधल्या घडीवर, कुठल्याच बाजूला न बसणारे असे लिहिले, 'पुस्तकात मनाई आहे. आमच्याकडे आता कुणी मनाई करत नाही. तरी उघडे दार एकच आहे.'

बाबासाहेबांचे ते पान मी पंचवीस वर्षे शिकवत होतो. १९३६ चे ते पान आणि आजची नगरपालिका यांच्यात नेमके काय बदलले आणि काय बदलले नाही, हे मला कुणी विचारले असते, तर मी तासभर बोललो असतो. इतके नेमके बोललो नसतो.

तिचा भाऊ नोकरीवर रुजू झाला. पेढे मीही खाल्ले. ते झेरॉक्स पान तिने वर्गाच्या कपाटात परत ठेवले, आणि पुढच्या वर्षी ते दुसऱ्या एका मुलाच्या हाती गेले. तिच्या घडीवरच्या ओळीखाली त्याने निळ्या शाईने लिहिले आहे, 'आमच्या गावात तेही दार ठेकेदाराने लावून घेतले.' त्याखाली अजून चार बोटे जागा कोरी आहे.